सुधारणा यशस्वी झाली

माझं एक साधं तत्त्व आहे. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, माझं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. पस्तीस वर्षं चालवलं. एखादा ड्रायव्हर येऊन म्हणाला असता, "मालक, इंजिन एकदम झकास चाललंय, पण जरा उघडून बघता का?" तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग वेड्याच्या डॉक्टरकडे धाडलं असतं. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, धायरीच्या फ्लॅटमध्ये निवांत बसलेलो असताना, कानात घालायच्या दोन शेंगदाण्यांनी मला रोज सकाळी "नवी सुधारणा उपलब्ध आहे" असं सुनावावं, हे मला मुळातच पटण्यासारखं नव्हतं. सुधारणा? कोणी अर्ज केला होता?

शेंगदाणे म्हणजे बिनतारी इअरबड्स. लोक ते गाणी ऐकायला घालतात. मी बायकोचं बोलणं ऐकायला घालत होतो.

हे जरा नीट सांगायला हवं. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनांत डोकं खुपसून काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले. कानाच्या डॉक्टरांनी मशीन घ्या म्हणून सांगितलं, मी ठाम नाही म्हणालो. ते लावलं की माणूस म्हातारा दिसतो, आणि म्हाताऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. शिवाय अडत काहीच नव्हतं, कारण बायकोचा आवाज. साठ-साठ पोरांच्या पहिलीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवलेला आवाज तो. तिने गॅलरीतून खाली भाजीवाल्याला "कोथिंबीर आहे का हो?" विचारलं, की समोरच्या इमारतीतून "नाही" असं उत्तर यायचं. त्या आवाजाला बहिऱ्या कानाचं काय कौतुक? मी तिला शंभर वेळा सांगितलं असेल, "अगं हळू बोल, मी बहिरा आहे, गाव नाही."

जीभ झडायला हवी होती माझी. गेल्या वर्षी तिची थायरॉईडची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, सुटलो. पण आवाजाची नस दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, त्यात त्यांचा दोष नाही. गळ्यातला एक स्वरतंतू हलेनासा झाला. बोलायला गेली की आवाज कमी आणि हवाच जास्त बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, सात-आठ महिने वाट बघू. नाही सुधारला तर त्या तंतूला इंजेक्शन देऊन तो थोडा फुगवू, म्हणजे दोन्ही तंतू एकमेकांना टेकतील आणि आवाज पुन्हा येईल, बहुतेक येईल.

म्हणजे घरात एक बहिरा आणि एक कुजबुजणारी. आमची पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना गाठून जाब विचारावासा वाटला, पण ते केव्हाच वर पोचले होते. ती काही सांगायची, मी "काय?" म्हणायचो, ती पुन्हा सांगायची, मी पुन्हा "काय?" म्हणायचो. तिसऱ्या खेपेला ती हात झटकून आत निघून जायची. चाळीस वर्षांत आमचं एकही भांडण अर्धवट राहिलं नव्हतं. आता सुरूच होईना. घर इतकं शांत झालं की मला भीती वाटायला लागली.

तेव्हा लेकीनं हे इअरबड्स आणून दिले. ती हिंजवडीला कामाला आहे, तिला असल्या गोष्टी कळतात. त्यात एक सोय होती. समोरच्याचा आवाज मोठा करून थेट कानात सोडायचा. मी घातले, लेकीनं फोनवर काहीतरी दाबलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मला बायको ऐकू आली. बारीक, घोगरी, पण शब्द न् शब्द स्वच्छ. ती म्हणाली, "चहात तिसरा चमचा साखर घातलीत ना? रोज सांगतेय, रोज घालताय."

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही साखरेवरून अर्धा तास भांडलो. लेक वैतागून घरी गेली.

त्यानंतरचे दोन महिने फार सुखाचे गेले. वांगी किडकी आणण्यापासून माझ्या बहिणीच्या स्वभावापर्यंत सगळे जुने विषय पुन्हा निघाले. आठवा महिना भरत आला होता. आवाज आपोआप काही सुधारला नव्हता, आणि डॉक्टरांनी इंजेक्शनसाठी पुढची एक गुरुवारची तारीख देऊन ठेवली होती. घरात सगळं मार्गी लागलेलं होतं. आणि नेमका तेव्हाच तो फोन माझ्या मागे लागला.

"नवी सुधारणा उपलब्ध आहे." मी "नंतर" दाबायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आपला श्रवण अनुभव पुढील पातळीवर न्या." हे मराठी कोण लिहितं, तो माणूस एकदा भेटायला हवा. मी "नंतर". लेक म्हणाली, "बाबा, करून टाका ना. सिक्युरिटीसाठी असतं ते." माझ्या कानात शिरून चोरानं न्यायचं काय, मळ? पण एका रविवारी फोननं सूर बदलला. "सुधारणा न केल्यास काही सुविधा बंद पडू शकतात." ही सरळ सरळ धमकी होती. आमच्या गुलटेकडीत अशी धमकी कोणी दिली असती तर त्याला पाना दाखवला असता. इथे दाखवायचा कोणाला? बायकोचं बोलणं बंद पडेल या धास्तीनं मी "होय" दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सूचना आल्या. दोन्ही इअरबड्स डबीत ठेवा. डबीचे झाकण उघडे ठेवा. फोन जवळ ठेवा. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत झाकण बंद करू नका. वेळ, वीस मिनिटं. मी सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि गॅलरीत पेपर वाचत बसलो. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर "सुधारणा अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा." केला. पुन्हा अयशस्वी. तिसऱ्यांदा, तेच. मी इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या, इअरबड्सवाल्याला घातल्या, आणि हे आणून दिल्याबद्दल लेकीलाही दोन घातल्या. चौथ्यांदा मी टेबलापाशीच ठाण मांडलं.

आणि चोर सापडला. बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, टेबलाशेजारून गेली, आणि जाता जाता, न बघता, एका बोटानं डबीचं झाकण लावून पुढे निघून गेली.

तिचीही चूक नाही. आमच्या घरात उघडं काही राहत नाही. दूध, पीठ, लोणचं, उरलेली पोळी, सगळ्यावर झाकण. एकदा गॅरेजवर डबा द्यायला आली, तर जाताना ग्रीसचं डबडं झाकून गेली होती. चाळीस वर्षांचा हात तो, झाकण दिसलं की पडायचाच. पण मी भडकलोच. "अगं बाई, ते आमटीचं पातेलं आहे का?" असा ओरडलो की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला असेल. ती काहीतरी बोलली. माझे कान डबीत होते, त्यामुळे काय बोलली ते कळलं नाही. पाचव्यांदा मी डबीवर हाताचा आडोसा धरून वीस मिनिटं हललो नाही. शेवटी आलं. "सुधारणा यशस्वी झाली. आता अधिक स्पष्ट आवाज, कमीत कमी गोंगाट."

कानात घातले. आहाहा! खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला. पार्किंगमध्ये दोघं स्कूटरच्या जागेवरून एकमेकांचा उद्धार करत होते, तो सगळा जसाच्या तसा ऐकला. वरच्या मजल्यावरची सूनबाई फोनवर सासूबद्दल काय म्हणते हेही कळलं, आणि खरं सांगतो, पटलंही. एकच आवाज नव्हता. आमच्या घरातला.

मला आधी वाटलं, रुसली. ओरडलो होतोच ना मी. मग आपणही कमी नाही म्हणून सोमवार सकाळपर्यंत मीही ताठ्यात. सोमवारी पोहे वाढताना बघितलं तर तिचे ओठ हलत होते. ती बोलत होती. चांगली हात हलवून, भुवया उडवून बोलत होती, आणि माझ्या कानात फक्त पोह्यांत फिरणारा चमचा.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? सांगितलं असतं, की बाई गं, मी हे बिघडवून ठेवलंय. पण इंजिन उघडून परत बसवलं आणि हातात चार नट उरले, तर ते कुठला मेकॅनिक गिऱ्हाईकाला सांगतो? खिशात घालतो. त्यात आदल्याच दिवशी मी तिच्यावर आवाज चढवलेला. आता कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, दोन दिवसांत गुपचूप दुरुस्त करू.

तोपर्यंत मी माझी जुनी विद्या बाहेर काढली. गॅरेजमध्ये चार इंजिनं सुरू असताना ड्रायव्हर लोक काय बोलतात हे मला कधीच ऐकू यायचं नाही. तरी धंदा झाला. त्याला एक तंत्र लागतं. समोरच्याच्या भुवया वर गेल्या की म्हणायचं, "काय सांगता!" कपाळाला आठी पडली की "च्, च्." मान एका बाजूला कलली म्हणजे काहीतरी विचारलंय, तेव्हा "चालेल की, त्यात काय!" आणि बाकी सगळ्याला "हं". बहिरा माणूस एवढ्यावर आयुष्य काढू शकतो. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच दिवस मी त्यावर काढले, आणि स्वतःवर खूश होतो.

एकीकडे कंपनीशी चॅट चालू होतं. "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो," असं आलं. मग फोन बंद करून चालू करा. केला. इअरबड्स विसरा आणि पुन्हा जोडा. विसरलो, जोडले. मी लिहिलं, की सगळं ऐकू येतं, फक्त बायको ऐकू येत नाही. मग आलं, "हे ऐकून आनंद झाला. आपला अनुभव किती तारे?" मी लिहिलं, भरदिवसा दिसले, मोजले नाहीत.

शेवटी शनिवारी दुपारी सिंहगड रोडवरच्या दुरुस्तीकेंद्रात गेलो. बायको म्हणाली मीही येते, म्हणजे तसं ती म्हणाली असावी, कारण पिशवी घेऊन दारात उभी होती. काउंटरवर एक मुलगी होती, विदर्भाकडची, बोलण्यावरून कळत होतं. आवाज असा खणखणीत की कानात काही नसतानाही मला पोचत होता. मला ती तिथल्या तिथे आवडली.

तिने इअरबड्स पुसून स्वतःच्या कानात घातले आणि बायकोला म्हणाली, "काकू, काहीतरी बोला." बायको बोलली. मुलीने एक इअरबड काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, बिघडलं काहीच नाही. नवीन अपडेटमध्ये पंख्याचा, एसीचा, वाऱ्याचा आवाज कापून टाकते हे. काकूंच्या आवाजात हवाच जास्त आहे ना, म्हणून ह्याला काकू म्हणजे पंखा वाटून राहिल्या."

"पंखा?"

"म्हणजे नॉईज, काका."

चाळीस वर्षं जिच्याशी संसार केला ती बाई गोंगाट आहे, असं माझ्या परस्पर कोणीतरी ठरवून टाकलं होतं. एरवी असला विनोद मीच केला असता. त्या दिवशी मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, "मग जुनं होतं ते परत घाला."

"नाही होत, काका. एकदा वर गेलं की खाली येत नाही. सिस्टिम अलाऊच नाही करत. आणि खरं म्हणजे तुम्हाला कानाचं मशीन पाहिजे, हे नाही."

मी तिला काहीतरी लागट बोलणार, एवढ्यात बायकोनं काउंटरवर पुढे वाकून त्या मुलीशी बोलायला सुरुवात केली. अगदी शांतपणे, पिशवीचे बंद नीट करत. मुलगी ऐकत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"काकू म्हणून राहिल्या, भांडू नका, जाऊ द्या. आता आवाज असाच राहणार आहे, इंजेक्शन घ्यायचंच नाही. हॉस्पिटलला मेसेज पाठवून नाही म्हणून सांगून टाकलं. काकांनीच सांगितलं, असाच आवाज चालेल म्हणून."

"मी? मी कधी सांगितलं?"

मुलीने बायकोकडे पाहिलं, बायको दोन शब्द बोलली. "बुधवारी म्हणे. चहा पिताना."

आणि मला बुधवारचा चहा आठवला. मी खारी बुडवत होतो. ती समोर बसून बराच वेळ बोलत होती, कपाळाला आठी, एक हात गळ्यावर. शेवटी तिची मान एका बाजूला कलली. मी खारीचा तुकडा तोंडात टाकून म्हणालो होतो, "चालेल की, त्यात काय!" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग कप उचलून आत गेली. मला वाटलं होतं, फ्लॉवरची भाजी करू का असं काहीतरी विचारलं असेल.

इतकी वर्षं लोकांना "हं, हं" केलं, त्यात कोणाचं काय गेलं असेल ते गेलं असेल. पण ही बाई गळ्यात सुई घुसवून घ्यायला घाबरत होती, ते तिने मला एकट्याला सांगितलं होतं, आणि मी तिला खारी खात उत्तर दिलं होतं.

"मला ऐकू नाही आलं," मी म्हणालो. तिला नीट दिसेल असा तिच्यासमोर उभा राहून म्हणालो. "रविवारपासून तुझं एक अक्षर ऐकू आलेलं नाही मला. मी नुसता माना डोलवत होतो. सांगायची लाज वाटली."

मागे रांगेत चार-पाच माणसं होती, तीही ऐकत होती, कारण माझं हळू बोलणंसुद्धा रस्त्यापर्यंत जातं. बायकोच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो राग बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग ती मुलीकडे वळून बोलली.

मुलगी जरा घुटमळली. "काकू म्हणतात, आता कान उघडे ठेवून ऐका आणि सांगा. आवाज असाच राहिला तर तुम्हाला चालेल का?"

"नाही चालणार," मी म्हणालो. "अजिबात नाही चालणार. मला तुझा आवाज पाहिजे. समोरच्या इमारतीत जातो तो. भीती वाटते तर मी तुझ्याबरोबर येतो, आत येऊ देतील तिथपर्यंत येतो. आणि एवढं करूनही नाहीच आला, तर मी मशीन घालतो, म्हातारा दिसतो, काय वाटेल ते करतो. पण तू मला विचारलंस आणि मी चालेल म्हणालो, ते खोटं आहे. ते मी बोललोच नाही."

बायकोनं पदरानं नाक पुसलं. मग मुलीला काहीतरी म्हणाली, बरंच लांब.

"काय म्हणाली?"

"हे मी नाही सांगत, काका," मुलगी म्हणाली. "हे काकू तुम्हाला घरी सांगतील." आणि तिने इअरबड्स पुसायचा कापूस उगाच काउंटरवर फिरवला.

बायकोनं पर्समधून फोन काढला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. आता पंचाईत अशी, की पलीकडची बाई काय म्हणते ते बायकोला ऐकू येत होतं, पण बायको काय म्हणते ते पलीकडच्या बाईला कळत नव्हतं. त्या बाईनं चार वेळा "हॅलो, हॅलो" केलं असावं, कारण बायकोनं कपाळाला हात लावला. मग तिने फोन आमच्या दोघांच्या मध्ये धरला. कान तिचा, तोंड माझं. मी ओरडून सांगितलं, की येत्या गुरुवारचं जे रद्द केलं होतं ते रद्द करायचं नाही. बायकोनं ऐकून बोटांनी अकरा दाखवले. मी ओरडलो, "अकराला येतो!"

पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. बायकोनं ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिची मान एका बाजूला कलली.

"थांब," मी म्हणालो. "काय विचारलं ते लिही. ऐकल्याशिवाय मी आता कशालाही हो म्हणणार नाही."

तिने काउंटरवरचं पेन उचललं आणि दुरुस्तीच्या पावतीच्या पाठीमागे, पहिलीच्या फळ्यावर लिहितात तसं मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं, "सोबत कोण आहे?"

मी ते दोनदा वाचलं, आणि फोनमध्ये जोरात सांगितलं, "मी आहे."